ठेंगणेपणा : औषध आल्यावर जागृतीची गरज उरते का?

निरभ्र (धागाकर्ता) : दरवर्षी 25 ऑक्टोबरला ठेंगणेपणाविषयी जागृतीचा दिवस पाळला जातो. 2021 मध्ये वोसोरिटाइड या उंची वाढण्याचा वेग वाढवणाऱ्या औषधाला मान्यता मिळाल्यानंतर अशा मोहिमांचा काळ सरला, असे माझे मत आहे. फलकांवरचा पैसा मुलांच्या औषधाकडे वळवावा.

सावली : हे वाचून मनस्ताप झाला, म्हणून सविस्तर लिहिते. माझ्या मुलाला अकॉन्ड्रोप्लेसिया, म्हणजे हाडांची वाढ खुंटवणारा जनुकीय ठेंगणेपणा, आहे. अशी सुमारे 80 टक्के मुले सर्वसाधारण उंचीच्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात, कारण एफजीएफआर-3 या जनुकातील बदल त्यांच्यात नव्यानेच घडलेला असतो. तरीही नातेवाइकांनी वर्षानुवर्षे माझ्या गरोदरपणातील खाण्यापिण्याला दोष दिला. तो दोष कोणते इंजेक्शन पुसणार आहे? शिवाय हे औषध हाडे वाढत असतानाच रोज टोचावे लागते. वाढ थांबलेल्या प्रौढांना त्याचा उपयोग नाही, आणि 2021 ची मान्यता अकॉन्ड्रोप्लेसियापुरती होती, ज्यांच्या ठेंगणेपणाचे कारणच निराळे आहे त्यांच्यासाठी नव्हे.

अढळ : माझी स्वतःची उंची चार फुटांहून कमी आहे आणि माझा राग वेगळा आहे. न विचारता माझे छायाचित्र काढणाऱ्याला जनुकाची माहिती देऊन काय साधणार? आमच्या शरीराला हशाचा विषय करणारे खेळ आधी बंद करा. ठेंगण्या माणसाला फेकण्याच्या खेळावरील बंदी फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने 1995 मध्येच मानवी प्रतिष्ठेच्या आधारावर उचलून धरली.

निरभ्र : त्या बंदीविरुद्ध लढणारा मान्युएल वाकेनहाइम स्वतः ठेंगणा होता आणि त्या खेळात स्वतःला फेकू देऊन पोट भरत होता, हे आपण वगळले. त्याची रोजीरोटी गेली.

अढळ : आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने 2002 मध्ये त्याची तक्रार फेटाळली, हे आपण वगळले! एकाने स्वखुशीने अंग फेकू दिले, तर रस्त्यावरचे लोक आम्हा सर्वांनाच खेळणे समजतात.

उंबरठा : मीही ठेंगणा आहे आणि रंगमंचावर विनोदी भूमिका करतो. नोकरीच्या मुलाखतींत मला दारातूनच परत पाठवले गेले, तेव्हा माझ्या प्रतिष्ठेची काळजी कोणी केली नाही. आता अढळ यांनी माझे पोट कशावर भरावे, हे ठरवू नये.

अढळ : भूमिका करणे आणि फेकले जाणे यांत फरक आहे, एवढे मान्य करतो, त्यापुढे एक पाऊलही जाणार नाही.

गवाक्ष : आपण सगळे मूळ प्रश्नापासून दूर गेलो आहोत. अकॉन्ड्रोप्लेसिया असलेल्या तान्ह्या बाळाच्या कवटीच्या तळाचे छिद्र अरुंद असल्यास मज्जारज्जू दबून झोपेत श्वास थांबू शकतो. ही माहिती पालकांपर्यंत वेळेत पोहोचवणे, यालाच मी जागृती म्हणतो.

निरभ्र : फलकांवरील आक्षेप मी मागे घेत नाही. औषधाने सर्वांचा प्रश्न मिटेल, हे मात्र प्रौढांबाबत टिकत नाही, हे नाइलाजाने स्वीकारतो.

सावली : प्रौढांपुरतेच नव्हे. औषध घेणाऱ्या मुलांचीही उंची वाढण्याचा वेग वाढतो, पण ती इतरांएवढी होतीलच असे नाही. त्यामुळे वर्गातील बाकापासून स्वच्छतागृहाच्या कडीपर्यंत सारे त्यांच्या हाताला पोहोचेल असे करणे शाळेला टाळता येणार नाही.