मदत हवी आहे: सातवीच्या वर्गातली चिडवाचिडवी कशी थांबवावी?

नमस्कार मंडळी. मी सातवीची वर्गशिक्षिका. वर्गातल्या एका मुलाचे आईवडील ऊसतोडीला जातात. तो वाचायला उभा राहिला की मागच्या बाकांवरून ‘कोयता, कोयता’ अशी कुजबुज सुरू होते, त्याच्या बोलण्याची नक्कल होते. आता तो मधल्या सुट्टीत ताट न घेताच नळाकडे जाऊन उभा राहतो. फार तुटतं हो आतून.

चिडवणारे दोघं-तिघंच, पण हसतो अख्खा वर्ग. मला काळजी त्या हसण्याची जास्त वाटते. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठाने तयार केलेला, शाळेतली चिडवाचिडवी रोखणारा ‘किवा’ उपक्रम नेमका या बघ्या मुलांवर भर देतो. आपल्याकडच्या भरगच्च वर्गात आणि छोट्या तासिकेत असं काही कुणी करून पाहिलंय का? नाटुकली, बाकांची अदलाबदल, गटकाम, काहीही चालेल.

शाळेत तक्रारपेटी आहे, २०२२च्या शासन निर्णयाप्रमाणे मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आहे, मुलांच्या मदतीचा १०९८ नंबरही भिंतीवर रंगवलाय. पण पेटीत चिठ्ठी टाकताना कुणी पाहिलं की मूल चहाडखोर ठरतं. दोघांना समोरासमोर उभं करून ‘सॉरी म्हण’ हे मला पटत नाही, शाळा सुटल्यावर तक्रार करणाऱ्यालाच गाठतात.

शिवाय चिडवणाऱ्यांचे पालक म्हणतात, ‘पोरंच ती, चालायचंच.’ शनिवारी पालकसभा आहे. त्या मुलाचं नाव न घेता हा विषय कसा काढू? अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.