मूळ रेपोने इतिहास बदलला, तर मिररनेही निमूट बदलायचा का?

ऐरोलीकर

आमच्या प्रॉडक्टमध्ये बाहेरची एक लायब्ररी आहे. बाहेरचा सर्व्हर बंद पडला तरी काम अडू नये म्हणून तिच्या गिट रेपोचा (कोड आणि त्यातल्या बदलांचा इतिहास ठेवायची जागा) मिरर, म्हणजे हुबेहूब प्रत, आमच्याकडेच ठेवलाय. क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारा प्रोग्राम) दर तासाला तो ताजा करतो. सोमवारी ऐरोलीला उतरून, चहा घेऊन बसतो न बसतो तोच बिल्ड (कोडपासून प्रॉडक्ट तयार करणं) लाल, म्हणजे फसलेलं. 'रेफरन्स इज नॉट अ ट्री.' सबमॉड्यूल (आमच्या रेपोत जोडलेली ती लायब्ररी) ज्या कमिटवर (नोंदवलेल्या एका बदलावर) पिन केलं होतं तो कमिटच मिररवर नाही! मूळवाल्यांनी रविवारी रात्री मेन या मुख्य ब्रांचचा (शाखेचा) इतिहास नव्याने लिहून फोर्स पुश केला होता, म्हणजे जुन्याच्या जागी जबरदस्तीने चढवला होता, आणि आमच्या मिररने मुकाट मान डोलावली होती.

माहीत नसेल त्यांच्यासाठी: गिटमध्ये कमिटच्या हॅशमध्ये (मजकुरावरून निघणाऱ्या ओळख क्रमांकात) त्याच्या पालकाचा, म्हणजे आधीच्या कमिटचा, हॅश गुंतलेला असतो. तीन वर्षांपूर्वीच्या एका कमिटला हात लावला की त्यापुढचे सगळे नवे होतात. लॉग उघडला तर संदेश तेच, तारखा त्याच, नावं तीच. हॅश मात्र एकही ओळखीचा नाही. गावातल्या सगळ्या घरांचे नंबर एका रात्रीत बदलावेत तसं.

शेवटी रजेवर असलेल्या सहकाऱ्याला डोंबिवलीत फोन करून उठवलं. त्याच्या लॅपटॉपवर जुना क्लोन (रेपोची पूर्ण प्रत) होता, म्हणून वाचलो.

माझं म्हणणं असं की फोर्स पुश आला की मिररने थांबावं, जुनं टोक (ब्रांचचा शेवटचा कमिट) जपावं आणि माणसाला विचारावं. सातबाऱ्यावर जुन्या धारकाचं नाव कोणी खोडरबराने पुसत नाही. कंस करतात आणि शेजारी फेरफार नंबर लिहितात. एवढी शिस्त तलाठ्याला जमते, आपल्याला का नाही?

वागळे इस्टेट

नाव काय, मिरर. समोर जे आहे ते दाखवणं हे आरशाचं काम. तुम्हाला आरसा नको होता, फोटो हवा होता. त्याला बॅकअप म्हणतात आणि तो वेगळा ठेवतात.

आणि मूळवाल्यांनी हे का केलं ते विचारलंत? इतिहासात कोणाचा तरी पासवर्ड किंवा की (गुप्त किल्ली) राहिली असेल, तर ती काढायला इतिहास नव्याने लिहावाच लागतो. उद्या तुमचा मिरर तीच की 'जपून' ठेवणार आणि अख्ख्या ऑफिसला क्लोन करू देणार. शाब्बास.

सातबाऱ्याचं म्हणाल, तर त्याचं दर दहा वर्षांनी पुनर्लेखन व्हायचं आणि तेव्हा कंसातली नावं गळायची. गावाकडे जमीन आहे, म्हणून सांगतो.

ऐरोलीकर

गळायची, पण जुना सातबारा तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतो की. मी तेवढंच मागतोय.

कीबद्दल: एकदा बाहेर पडलेली की इतिहासातून पुसून सुरक्षित होत नाही. ती रद्द करून नवी काढायची. तेवढं केलं की जुना कमिट कोणाकडे पडून राहिला तरी काय बिघडतं?

वागळे इस्टेट

ग्राहकाचा डेटा कमिट झाला असेल तर? आधार नंबर 'रद्द करून नवा' काढणार का?

ऐरोलीकर

हा मुद्दा मान्य. तिथे पुसायलाच हवं. पण तेसुद्धा कोणीतरी बघून, ठरवून. क्रॉनने नाही.

तलावपाळी

दोघांचं भांडण चालू द्या, मी एक तांत्रिक गोष्ट सांगते. फोर्स पुशने जुने कमिट लगेच मरत नाहीत. त्यांच्याकडे बोट दाखवणारी ब्रांच सरकते, एवढंच. निराधार झालेले ऑब्जेक्ट (कमिट आणि त्यातल्या फायली) गिट साधारण दोन आठवडे ठेवतं. नवीन क्लोनमध्ये ते येत नाहीत, पण सर्व्हरवर जाऊन गिट एफएससीके (रेपो तपासणारी आज्ञा) चालवलं की लोंबकळणारे कमिट दिसतात. डोंबिवलीला फोन करायची गरजच नव्हती.

फक्त एक: बेअर रेपोत (ज्यात काम करायच्या फायली नसतात, फक्त इतिहास) रेफलॉग (टोक कधी कुठे सरकलं याची नोंदवही) मुळात बंद असतो. मिरर बेअरच असतो, म्हणून कालचं टोक कोणतं होतं याची नोंद कुठेच राहत नाही. ती चालू करा, एका ओळीचं काम आहे.

ऐरोलीकर

ताई, एफएससीके केलं होतं, काही निघालं नाही. कारण दुपारी कळलं: डिस्क वाचवायला आमच्याच कोणीतरी क्रॉनमध्ये 'जीसी, प्रून नाऊ' (निराधार ते लगेच साफ कर) लिहून ठेवलं होतं. दर तासाला झाडू.

तलावपाळी

मग मूळवाल्यांना कशाला शिव्या देता 😄

घणसोली लोकल

मी ऐरोलीकरांच्या बाजूने. २०२५ च्या मार्चमध्ये टीजे-ॲक्शन्सचं (गिटहबवर बिल्डमध्ये वापरायच्या तयार साधनाचं) प्रकरण झालं ते आठवा. हल्लेखोरांनी जुनेच टॅग (कमिटला दिलेली नावं) उचलून स्वतःच्या कमिटकडे वळवले आणि टॅगवर विसंबलेल्यांच्या बिल्ड लॉगमध्ये गुपितं छापली गेली. आधीच्या हॅशवर पिन करून बसलेले वाचले. आरसा म्हणून जे येईल ते घेणारा मिरर असता, तर त्यानेही वळवलेला टॅग आनंदाने वाढला असता. इतिहास कोणी आणि का बदलला, हे आरशाला कळत नाही.

वागळे इस्टेट

म्हणजे वाचवलं हॅशने, मिररने नव्हे. माझा मुद्दा तुम्हीच मांडलात.

शिवाय सगळे रेपो सारखे नसतात. लिनक्स-नेक्स्ट (लिनक्स कर्नलच्या पुढच्या आवृत्तीचे बदल एकत्र करणारं झाड, म्हणजे रेपो) घ्या: जवळपास रोज नव्याने रचतात, जुन्या टोकावर नवं टोक बसतच नाही. तिथे प्रत्येक वेळी 'माणसाला विचारा' म्हटलंत तर रोज घंटा वाजेल, आणि आठवड्याभरात तो माणूस मेल न वाचता डिलीट करायला शिकेल. लिनसच्या (लिनक्सच्या जनकाच्या) मुख्य झाडाला मात्र असा हात लावत नाहीत. कुठलं झाड कुठल्या जातीचं, हे आधी बघा.

तलावपाळी

हे बरोबर. आमच्याकडे (ठाणे, ऑफिस छोटं, मिरर अकरा) म्हणूनच सगळं ओढणं बंद केलं. मिरर म्हणून क्लोन केलं की कॉन्फिगमधल्या फेचच्या (बदल ओढण्याच्या) ओळीत सुरुवातीला अधिकचं चिन्ह असतं. त्याचा अर्थ 'जबरदस्तीने आलं तरी घे'. आम्ही फक्त मेन आणि टॅग ओढतो, तेही त्या चिन्हाशिवाय. कोणी इतिहास बदलला की फेच नाकारला जातो आणि मेल येतो. लोकांच्या अर्धवट ब्रांच रोज रीबेस होतात (नव्या पायावर पुन्हा रचल्या जातात), त्या ओढतच नाही, त्यामुळे घंटा क्वचितच वाजते.

वाजली की आधी जुन्या टोकाला तारखेचा टॅग. मग नवं टोक वेगळ्या नावाने ओढून दोन्ही टोकांचा डिफ (फरक). रिकामा आला तर टोकावरचा कोड तोच आहे, फक्त वंशावळ बदललीय; दहा मिनिटांत पुढे. रिकामा नसेल तर चहा मागवायचा. आपले स्वतःचे कमिट वर असतील तर रीबेस ऑन्टू, म्हणजे ते नव्या टोकावर बसवायचे. साधा पुल (ओढून लगेच मर्ज, म्हणजे एकत्र करणं) कोणी करू नका, जुना आणि नवा इतिहास मर्ज होऊन प्रत्येक कमिट दोनदा दिसतो, आणि मग तीच खिचडी कोणीतरी पुश करतं.

घणसोली लोकल

ते 'कोणीतरी' मी होतो, मागच्या वर्षी.

ऐरोलीकर

अधिकचं चिन्ह काढलं. प्रून नाऊची ओळही काढली. कोणी लिहिली होती ते बघायला ब्लेम लावलं.

मीच. २०२२ मध्ये.

वागळे इस्टेट

इतिहास जपल्याचा फायदा 😄 तरी आरसा तो आरसाच. डिस्क भरली की कळवा.