घाट उतरताना मांड्या भरून येतात, सरावाबाबत मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. मी सोलापूरचा हौशी धावपटू असून यंदा साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन धावलो. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने पुढे जायचे आणि त्याच वाटेने परतायचे, असा हा २१.०९७५ किलोमीटरचा मार्ग आहे. चढ अपेक्षेपेक्षा चांगला गेला. खरी परीक्षा पाहिली ती उताराने. दम शिल्लक असूनही शेवटच्या वळणांवर मांड्या थरथरू लागल्या आणि नंतर दोन दिवस जिना कठडा धरून, आडवे पाऊल टाकत उतरावा लागला.

उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार थोपवतात, म्हणून ते अधिक दुखावतात, आणि उतारावर एकदा धावल्यावर पुढच्या खेपेस हा त्रास कमी होतो, हे मला ठाऊक आहे. परंतु आमच्याकडे सगळेच रस्ते सपाट असल्याने पायरीवरून सावकाश उतरण्याचे व्यायाम आणि स्क्वॉट्स एवढ्यावर भागेल का, की अधूनमधून घाट गाठायलाच हवा? उताराचा शेवटचा सराव शर्यतीआधी किती आठवडे करावा? घाटात नियमित धावणाऱ्यांनी स्वतःचा अनुभव कृपया सविस्तर लिहावा.