एकाच नमुन्याचा सीओडी दोन शिफ्टमध्ये वेगळा: एसओपी आणि हँडओव्हर कसं लिहायचं?

हिंगणा_लॅब
नमस्कार मंडळी. नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत सांडपाणी तपासणीची लॅब आहे. तीन शिफ्ट, प्रत्येक शिफ्टला एक अ‍ॅनालिस्ट आणि एक मदतनीस. एकाच नमुन्याचा सीओडी (पाण्यातली घाण रसायनानं जाळायला लागणारा ऑक्सिजन) सकाळी २५० मिग्रॅ/लिटर येतो, रात्री २०८. दोघंही म्हणतात एसओपीप्रमाणेच, म्हणजे लिहून ठेवलेल्या कार्यपद्धतीप्रमाणेच केलं. पद्धत ओपन रिफ्लक्स (कंडेन्सर लावून उकळत ठेवणं): नमुना २० मिली, ०.२५ एन (एन म्हणजे नॉर्मॅलिटी, द्रावणाची तीव्रता) डायक्रोमेट १० मिली, सिल्व्हर सल्फेट घातलेलं सल्फ्युरिक ३० मिली, मर्क्युरिक सल्फेट ०.४ ग्रॅम, दोन तास रिफ्लक्स, मग फेरॉइन (रंग बदलून शेवट दाखवणारं सूचक) घालून ०.१ एन एफएएसनं (फेरस अमोनियम सल्फेट) टायट्रेशन. एसओपी इंग्रजीत आहे, जाडजूड, आणि ऑफिसच्या कपाटात. गडबड रसायनात आहे की लिहिण्यात? आणि लोक खरंच भरतील असा हँडओव्हर (पुढच्या शिफ्टला काम सोपवण्याची नोंद) कसा ठेवायचा?

ब्युरेटवाला
उत्तर तुमच्या दोन आकड्यांतच दडलेलं दिसतं. एफएएस हवेतल्या ऑक्सिजननं रोज थोडं कमजोर होतं. समजा आज त्याची खरी नॉर्मॅलिटी ०.०९६ आहे. मग ब्लँकला (नमुन्याऐवजी शुद्ध पाणी घेऊन केलेली तपासणी) २५.० नाही, २६.०४ मिली लागेल. नमुन्याला १९.७९ लागलं असं धरा.

बरोबर हिशोब: (२६.०४ − १९.७९) × ०.०९६ × ८००० ÷ २० = २४०.
ब्लँक ताजा, पण नॉर्मॅलिटी बाटलीवरची ०.१: ६.२५ × ०.१ × ४०० = २५०.
ब्लँकही कालचाच, २५.० मिली, नॉर्मॅलिटीही ०.१: ५.२१ × ०.१ × ४०० = २०८.

रात्रीच्या पानावरचे ब्लँक बघा. सगळीकडे २५.० असेल तर शोध संपला. दोघांनीही एसओपी पाळली, कारण तिच्यात बहुधा ‘०.१ एन एफएएस’ आणि ‘ब्लँक वजा करा’ एवढंच लिहिलेलं असणार. कोणता ब्लँक आणि कोणाची नॉर्मॅलिटी, हे वाचणाऱ्यावर सोडलेलं. हा फरक किरकोळ समजू नका. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्याला सीओडीची सर्वसाधारण मर्यादा २५० मिग्रॅ/लिटर आहे. २४० चा नमुना एका शिफ्टमध्ये मर्यादेच्या काठावर जातो आणि दुसरीत आरामात पास होतो.

त्या जागी असं लिहा: ‘प्रत्येक बॅच सुरू करण्याआधी एफएएस तपासा. ०.२५ एन डायक्रोमेट १० मिली पिपेटनं घ्या, पाण्यानं अंदाजे १०० मिली करा, सल्फ्युरिक ३० मिली हळूहळू घाला, थंड होऊ द्या, फेरॉइनचे २-३ थेंब, टायट्रेट करा. नॉर्मॅलिटी = २.५ ÷ लागलेले मिली. आकडा आजच्या तारखेसह बाटलीवर आणि वर्कशीटवर लिहा. ब्लँक याच बॅचमध्ये, याच वेळी रिफ्लक्स केलेला.’ वर्कशीटवर नॉर्मॅलिटीची जागा रिकामी ठेवा. ०.१ छापून ठेवलंत की लोक तोच वापरतील.

एंडपॉइंटचा रंगही लिहून टाका: निळसर हिरव्यावरून लालसर तपकिरी. आणि तापवतानाच फ्लास्क हिरवा झाला तर डायक्रोमेट संपलंय. ते टायट्रेट न करता नमुना पातळ करून नव्यानं लावायचं. ही ओळ नसली की नवखा माणूस तसंच पुढे जातो.

हिंगणा_लॅब
रात्रीचे सगळे ब्लँक २५.० च आहेत. दिवसपाळीत दर बॅचला नवा ब्लँक आहे, पण नॉर्मॅलिटी सगळीकडे ०.१००. मानलं भाऊ. अशा आणखी कोणत्या जागा शोधू?

बेंच_नं_४
माझ्या मते आधी डायल्यूशन, म्हणजे नमुना पातळ करणं. ‘१:५’ कुठेही राहू देऊ नका. कोणी १० मिलीत ५० मिली पाणी घालतो, म्हणजे सहापट. कोणी १० मिली घेऊन ५० पर्यंत भरतो, म्हणजे पाचपट. ‘१० मिली पिपेटनं घ्या, ५० मिली व्हॉल्यूमेट्रिक फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत भरा, उत्तराला ५ ने गुणा’ असं पूर्ण वाक्य लिहा.

मग वजनं. थायोसल्फेट ०.१ एन करायला पाण्याचे पाच रेणू असलेला क्षार (पेंटाहायड्रेट) लिटरला २४.८२ ग्रॅम लागतो, निर्जल असेल तर १५.८१. स्टोअरमधून निर्जल डबा आला आणि कोणी सवयीनं २४.८२ ग्रॅम तोललं, तर द्रावण ०.१५७ एन होतं आणि डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन), क्लोरीन सगळं कमी दिसतं. म्हणून एसओपीत रेणूभार लिहा आणि तोलण्याआधी डब्यावरच्या आकड्याशी जुळवायला सांगा. एन आणि एमचंही (मोलॅरिटी) तेच: सल्फ्युरिक ०.१ एम म्हणजे ०.२ एन.

सल्फेट, सल्फाइट, सल्फाइड, नायट्रेट, नायट्राइट ही नावं फोनवर किंवा फ्यूम हूडच्या आवाजात हमखास चुकीची ऐकू येतात. प्रत्येक डब्याला कपाट आणि क्रमांकाचा कोड द्या, आणि तोंडी सांगताना नावाबरोबर कोडही: ‘सोडियम सल्फाइट, ब-७’. ऐकणाऱ्यानं दोन्ही परत म्हणायचं. त्याला दोन सेकंद लागतात.

लेबल नेहमी बाटलीच्या अंगावर. झाकणं अदलाबदल होतात. त्यावर नाव, तीव्रता एककासह, केल्याची तारीख, तपासल्याची तारीख व निघालेला आकडा, कधीपर्यंत वापरायचं, धोका, सही. मार्करची शाई अ‍ॅसिटोननं पुसली जाते, म्हणून वरून पारदर्शक टेप. बर्फाच्या पेटीतल्या नमुन्यांना शिसपेन्सिलीनं लिहिलेला टॅग.

धोक्याची सूचना पायरीच्या आधी यायला हवी. ‘आम्ल पाण्यात घाला’ लिहून चार ओळींनंतर ‘पाणी आम्लात घालू नका’ म्हटलं तर तोवर हात चालून गेलेला असतो. सीओडीच्या उरलेल्या द्रावणात पारा, चांदी आणि क्रोमियम असतं. त्याच्या कॅनचा नंबर टायट्रेशनच्या शेवटच्या ओळीतच लिहा, वेगळ्या ‘कचरा’ प्रकरणात नको. सिंकमध्ये काहीच जाता कामा नये.

नमुना_ताई
हँडओव्हरबद्दल. ‘सर्व काम सुरळीत’ लिहिता येईल अशी जागाच ठेवू नका. एक पान, आणि त्यात फक्त अर्धवट कामं: नमुना क्रमांक, कोणती तपासणी, कुठवर आली, पुढची कृती, कधी. उदाहरणार्थ ‘क्र. ११४, सीओडी, रिफ्लक्स सुरू १४:१०, बंद करायचं १६:१०, ब्लँक शेवटच्या कंडेन्सरवर’. वेळ २४ तासांच्या घड्याळात. कालावधी मिनिटांत, कारण ‘२.३० तास’ कोणी अडीच तास वाचतं, कोणी दोन तास अठरा मिनिटं. खाली दोन ओळी: आज कोणतं उपकरण वापरायचं नाही, कोणतं द्रावण संपत आलंय.

हे पान बेंचपाशी उभं राहून द्यायचं. येणारा माणूस प्रत्येक फ्लास्ककडे बोट दाखवून पुढची कृती स्वतः सांगतो, मगच दोघांच्या सह्या. जिथे तो अडखळेल तिथे लिहिलेलं अपुरं आहे, तेव्हाच दुरुस्त करा. खाडाखोड नको, एक रेघ, जुना आकडा वाचता येईल असा, बाजूला नवा, सही आणि तारीख. व्हाइटनरची बाटलीच लॅबमधून काढा.

नमुना आणणाऱ्याला विसरू नका. सीओडीच्या बाटलीत सल्फ्युरिक घालून पीएच २ च्या खाली आणतात. तेच बीओडीच्या (जिवाणूंना घाण खाताना लागणारा ऑक्सिजन) बाटलीत पडलं की जिवाणू मरतात आणि तो नमुना वाया. दोन रंगांच्या टोप्या द्या आणि बीओडीच्या बाटलीवर ‘आम्ल नाही, फक्त बर्फ’ असं मराठीत आणि हिंदीत लिहा. अहवालावर नुसतं ‘बीओडी’ नको, ‘३ दिवस, २७ अंश’ हवं; २० अंशाला ५ दिवसांचा आकडा ठेवणाऱ्याशी तुलना करताना घोळ होतो.

हिंगणा_लॅब
ताई, ब्युरेटवाला, बेंच चार, तिघांचे आभार. दोन शंका राहिल्या. एसओपी पूर्ण मराठीत करावी का? आणि एसओपीत जागोजागी ‘रूम टेम्परेचर’ आहे, त्याचं काय?

ब्युरेटवाला
कृती मराठीत, रसायनाचं नाव मात्र डब्यावर छापलंय तसंच, त्याच स्पेलिंगनं. भाषांतरित नाव शोधताना माणूस चुकीच्या डब्यावर हात ठेवतो. बेंचवर एकच लॅमिनेट केलेलं पान, त्यावर आवृत्ती क्रमांक आणि तारीख. नवी आवृत्ती लावली की जुनं पान त्याच दिवशी फाडायचं. मूळ इंग्रजी प्रत ऑडिटसाठी राहू द्या, पण दोन्हींचा आवृत्ती क्रमांक एकच हवा.

‘रूम टेम्परेचर’ नागपुरात चालणारच नाही. मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि वीज गेलेली, जानेवारीत पहाटे १० च्या आसपास. आकडा लिहा. आपल्याकडच्या बऱ्याच काचसामानावर २७ अंश छापलेलं असतं, काहींवर २०. आधी ते बघा. २७ अंशाला एक लिटर असलेलं पाणी ४० अंशाला साधारण १००४ मिली होतं, म्हणजे प्रमाणित द्रावण ०.४ टक्क्यानं पातळ. सीओडीत ते खपेल, प्रमाणित द्रावण करताना नाही. डायईथाइल ईथर ३४.६ अंशाला उकळतं, डायक्लोरोमिथेन ३९.६ ला, उन्हाळ्यात त्यांच्या पानावर ‘बाटली बर्फात थंड करून, हूडमध्येच उघडा’ ही पहिली ओळ असू द्या. अमोनियाच्या बाटलीलाही तेच.

बीओडी इन्क्युबेटर थंड करू शकणारा हवा, नुसता तापवणारा असेल तर मे महिन्यात तो २७ वर राहणारच नाही. वीज गेली तर किती वाजता गेली, किती वाजता आली आणि आतलं तापमान किती झालं, हे हँडओव्हरच्या पानावर. २६ ते २८ च्या बाहेर गेलं असेल तर ती बॅच पुन्हा लावायची की नाही हे रात्रीच्या माणसावर सोडू नका. कोणाला फोन करायचा ते नाव त्याच पानावर छापून ठेवा.