मुंबईत तुमच्या जिभेला आणि कानांना नवं काय लागलं?

काल माळा आवरताना आईच्या पत्र्याच्या पेटीत षण्मुखानंद सभागृहाचं जुनं तिकीट मिळालं. पाठीमागे तिच्या अक्षरात यादी : अस्तर, दीड डझन बटणं, फॉल. आम्ही तेव्हा सायनला राहायचो. भावगीतांपलीकडे काही न ऐकणाऱ्या आईला शेजारच्या तमिळ मामी हट्टाने कर्नाटक संगीताच्या कचेरीला, म्हणजे मैफलीला, घेऊन गेल्या. मामी मांडीवर ताल धरायच्या, एक थाप, मग करंगळीपासून एकेक बोट मोजत. आईला शब्द एक कळला नाही, पण ताल घेऊन ती घरी आली. पुढे कितीतरी वर्षं पोहे भिजवले की ओट्यावर तीच थाप! तुम्हाला असं कुणी काय दिलं, लिहा ना.

———

माटुंगा!! स्टेशनाजवळची फुलांची गल्ली, केळीची पानं, मोगऱ्याचे जाडजूड गजरे. ताई, मामींची कॉफी आठवतेय का? चिकोरी किती घालायच्या? मी 80-20 आणते, पण नवऱ्याला कडू लागते.

———

मस्जिद स्टेशनाचं नाव कुठल्या दर्ग्या-मशिदीवरून नाही, जवळच्या 1796 च्या सिनेगॉगवरून (ज्यूंच्या प्रार्थनास्थळावरून) पडलं, हे मला कॉलेजात बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, मैत्रिणीने सांगितलं. तिच्या घरी मलिदा खाल्ला. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं आणि सुका मेवा. तिची आजी आमच्या अलिबागच्या आजीसारखंच मराठी बोलायची, अगदी हेल सुद्धा तोच. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी सुट्टी, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणायचे. ती आजी 'आणखी घे गो' म्हणत वाटी भरायची. आता ते सगळे इस्राएलला. मी दरवर्षी एकदा तरी मलिदा करते, नारळ खवताना हटकून रडू येतं.

———

वाचून गलबलले गं. पोहे जाडे की पातळ?

———

जाडे. पातळ्यांचा लगदा होतो.

———

मंगलदास मार्केट कुणीच कसं लिहिलं नाही! बहिणीचा बस्ता तिथलाच. गुजराती काकांनी तागेच्या तागे उलगडून टाकले, आम्ही काही न घेता उठलो तरी चहा पाजला. पुढे शिंप्याने ब्लाउज बिघडवला तो वेगळाच ताप... थांबा, कुकरची शिट्टी.

———

डिसेंबरात माहीमचा उरूस असतो, जाऊन या. पहिला मान मुंबई पोलिसांचा, बँडच्या गजरात संदल निघतो. बाहेर परातीएवढा पराठा तळतात, तोडून हलव्याबरोबर देतात. बाबा पोलिसात होते, त्यांचं बोट धरून पाहिलंय. तो बँड ऐकला की अजून पाठ ताठ होते.

———

आमच्या ठाण्यात पाणी नाही दोन दिवस, तुमच्याकडे आहे का?

———

आहे, कमी दाबाने.

कॉफीचं विचारलं होतं ना, मामी 70-30 म्हणायच्या बहुतेक. आई झोपलीये, उठली की विचारते.