मदत हवी आहे: व्हीपीएन जोडलं जातं, पण सॉफ्टफोन रजिस्टरच होत नाही

वाशिष्ठीकाठ:

नमस्कार मंडळी. दोन दिवस डोकं पिकलंय, म्हणून इथे विचारते. ऑफिस पुण्यात, मी चिपळूणला घरून काम करते. काम कस्टमर सपोर्टचं, म्हणजे फोन नाही तर काहीच नाही. आयटीच्या दादाने लॅपटॉपवर सॉफ्टफोन (लॅपटॉपवरून फोन करायचं ॲप) टाकून दिला आणि ओपनव्हीपीएनची (घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायचा कुलूपबंद रस्ता) फाइल दिली. सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१.१०, तुमचं एक्स्टेंशन, पासवर्ड, एवढं भरलं की झालं, असं म्हणाला.

झालं काहीच नाही. व्हीपीएन हिरवं होतं. 'माझा आयपी' शोधला तर ऑफिसचाच पत्ता दिसतो, म्हणजे सगळं नेट तिकडूनच जातंय. ईआरपी, म्हणजे ऑफिसच्या कामाचं सॉफ्टवेअर, उघडतं (त्याचा पत्ता १० ने सुरू होतो). सॉफ्टफोन मात्र 'रजिस्टरिंग'वर घुटमळतो आणि शेवटी '४०८ रिक्वेस्ट टाइमआउट' दाखवतो.

फायरवॉल बंद करून पाहिली, पासवर्ड तीनदा टाकला, ॲप काढून परत टाकलं. सर्व्हरला पिंग केलं (म्हणजे 'आहेस का?' अशी हाक मारली) तर उत्तर येतं, तेही २-३ मिलिसेकंदांत, म्हणजे लाइन झकास आहे. गंमत म्हणजे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तोच लॅपटॉप लगेच रजिस्टर झाला! डेटा संपत आला होता म्हणून कॉल लावून पाहिला नाही. दादा म्हणतो आमच्याकडून सगळं ओके. नेटवाले म्हणतात आमच्याकडूनही ओके. उद्या ९ ला शिफ्ट आहे, कुणीतरी सुचवा.

बिनतारी:

राउटरमध्ये एसआयपी एएलजी नावाचं बटण असतं (एसआयपी म्हणजे नेटवरून कॉल जोडायची भाषा), ते बंद करा. ९० टक्के वेळा तोच चोर असतो.

खडूस ॲडमिन:

बिनतारी, व्हीपीएन नसतं तर मीही तेच सांगितलं असतं. एएलजी एसआयपीच्या पाकिटात डोकावून आतले पत्ते बदलतं. पण इथे पाकीट व्हीपीएनच्या कुलूपबंद पेटीतून जातंय. घरच्या राउटरला आत काय आहे ते दिसतच नाही, तर बदलणार काय?

ताई, ४०८ म्हणजे समोरून उत्तरच आलं नाही. पासवर्ड चुकला असता तर सर्व्हरने निदान ४०१ किंवा ४०३ तोंडावर मारलं असतं. तेव्हा पासवर्डाचा नाद सोडा.

मला खटकलं ते तुमचं पिंग. चिपळूणच्या ब्रॉडबँडवरून, व्हीपीएनमधून पुण्याला जाऊन २ मिलिसेकंदांत परत? एवढं सुख कुणाच्या नशिबी नसतं हो. तीन गोष्टी करा. व्हीपीएन बंद करून त्याच पत्त्याला पिंग करा. पिंगच्या ओळीत टीटीएल (वाटेतला प्रत्येक राउटर एकाने कमी करतो तो आकडा) किती येतो ते सांगा. आणि आयपीकॉन्फिग कमांडमध्ये वायफायचा पत्ता काय दिसतो ते लिहा.

वाशिष्ठीकाठ:

व्हीपीएन बंद केलं तरी पिंगला उत्तर येतंय!! टीटीएल ६४. वायफायचा पत्ता १९२.१६८.१.७. हे कसं काय?

खडूस ॲडमिन:

सापडला. तुमच्या घरचं नेटवर्क १९२.१६८.१ आणि ऑफिसचंही १९२.१६८.१. लॅपटॉपला १९२.१६८.१.१० हा पत्ता म्हणजे घरातलाच शेजारी वाटतो. सगळं नेट व्हीपीएनमधून जात असलं तरी घरच्या नेटवर्कचा रस्ता लॅपटॉपच्या यादीत जास्त नेमका असतो, आणि नेमका रस्ता नेहमी जिंकतो. त्यामुळे फोनची पाकिटं पुण्याला निघतच नाहीत. ईआरपीचा पत्ता वेगळा, म्हणून ते चालतं. हॉटस्पॉटवर मोबाइल वेगळे पत्ते वाटतो, म्हणून तिथे जमलं. लिनक्सवर चालणारी यंत्रं टीटीएल सहसा ६४ ने सुरू करतात. तो ६४ च परत आला, म्हणजे वाटेत एकही राउटर लागला नाही.

आता प्रश्न एवढाच की तुमच्या घरात .१० कोण आहे?

वाशिष्ठीकाठ:

पिंग न थांबता चालू ठेवलं आणि एकेक वस्तू बंद करत गेले. माझा मोबाइल, नाही. मुलाचा टॅब, नाही. हॉलमधला टीव्ही रिमोटने बंद केला, तरी उत्तर येतच होतं. मग मेन प्लग ओढला आणि पडद्यावर धडाधड 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. सासूबाईंची मालिका ऐन रंगात होती. त्यांना काय सांगू, की मी दोन दिवस तुमच्या टीव्हीत लॉगिन करायचा प्रयत्न करत होते?

बिनतारी:

😂 टीव्ही बिचारा पिंगला 'हो आलो' म्हणत होता, पण एसआयपी त्याच्या बापजन्मी ऐकलेलं नाही. एएलजी मागे घेतो.

खडूस ॲडमिन:

राउटरच्या लॅन सेटिंगमध्ये जाऊन १९२.१६८.१.१ च्या जागी १९२.१६८.७७.१ करा, सेव्ह करा, मग सगळी यंत्रं एकदा बंद-चालू करा. खरं तर हा बदल ऑफिसने करायला हवा. दुकानातून आणलेल्या कितीतरी राउटरांवर १९२.१६८.० नाहीतर १९२.१६८.१ च असतं. खासगी वापरासाठी १० ने सुरू होणारे दीड कोटीहून जास्त पत्ते १९९६ पासून आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या दस्तऐवजात लिहून ठेवलेत, तरी लोक येऊन बसतात याच दोन गल्ल्यांत. पण तुमची शिफ्ट ९ ला आहे, तेव्हा तत्त्वाचं भांडण नंतर.

वाशिष्ठीकाठ:

रजिस्टर झाला!!! हिरवा ठिपका! पण पहिल्याच कॉलला नवीन नाटक. ग्राहकाचं मला ऐकू येतं, माझं त्याला नाही. तो आपला हॅलो हॅलो करत राहतो आणि अर्ध्या मिनिटाने कॉल आपोआप कट होतो. दोनदा केलं, दोन्ही वेळा तेच.

खडूस ॲडमिन:

घड्याळ लावून बघा, ३२ सेकंद भरतील. एसआयपीत कॉल उचलल्याचा निरोप २०० ओके म्हणून येतो आणि तुमच्या फोनने त्याला 'मिळाला' अशी पोच द्यायची असते. पोच आली नाही की सर्व्हर तोच निरोप परत परत पाठवतो, आणि साधारण ३२ सेकंदांनी कंटाळून फोन ठेवतो. तुमचा आवाज आणि तुमची पोच, दोन्ही चुकीच्या पत्त्यावर जातायत.

हे मात्र दादाचं काम आहे. सर्व्हरवर ॲस्टेरिस्क किंवा फ्रीपीबीएक्स हे फोनचं सॉफ्टवेअर असेल तर त्याला विचारा, 'लोकल नेटवर्क्स'मध्ये व्हीपीएनचे पत्ते टाकलेत का? व्हीपीएन जोडल्यावर तुम्हाला मिळणारा पत्ता बहुतेक १०.८.० ने सुरू होत असेल. तो त्या यादीत नसेल तर सर्व्हर तुम्हाला बाहेरचा माणूस समजतो आणि 'माझ्याशी या पत्त्यावर बोला' म्हणून ऑफिसचा पब्लिक पत्ता देतो. तुमचा आवाज तिकडे जातो आणि ऑफिसच्याच राउटरच्या दारात मरतो. यादीत एक ओळ वाढवायची, सेवा रिस्टार्ट करायची, बस. जमलं तर तुमच्या एक्स्टेंशनला 'डायरेक्ट मीडिया'ही बंद करायला सांगा, म्हणजे दोन फोन परस्पर न बोलता आवाज सर्व्हरमधूनच जाईल.

नंतर हा धागा वाचणाऱ्यांसाठी: रजिस्टर होतो, छोटे निरोप जातात, पण कॉल लावला की शांतता, असं असेल तर एमटीयू (एका पाकिटाची कमाल लांबी) बघा. कोडेकांची (आवाज दाबून पाठवायच्या पद्धतींची) लांबलचक यादी असलेलं इन्व्हाइट (कॉल लावायचा निरोप) मोठं होतं, व्हीपीएनमध्ये त्याचे तुकडे पडतात आणि एखादा तुकडा हरवतो. नको ते कोडेक काढा किंवा यूडीपीऐवजी टीसीपी (हरवलेला तुकडा परत पाठवणारी पद्धत) निवडा. १३०० बाइटपेक्षा मोठा निरोप असेल आणि वाटेची एमटीयू माहीत नसेल, तर यूडीपी वापरू नका, असं एसआयपीच्या आरएफसीतच आहे.

वाशिष्ठीकाठ:

दादाला रात्री साडेदहाला फोन केला. आधी म्हणाला "आमच्याकडून ओके आहे". मी म्हटलं, लोकल नेटवर्क्स उघड आणि वाचून दाखव. यादीत एकच ओळ होती, १९२.१६८.१.०. दोन मिनिटं गप्प. मग म्हणाला, आता लावून बघा. सव्वासहा मिनिटं बोललो आम्ही, त्यातली पाच तो मला हे कुणी सांगितलं ते विचारत होता.

खडूस ॲडमिन, चिपळूणला आलात की जेवायलाच या. टीव्हीही परत लागला. आता प्रिंटर कुठेच दिसेनासा झालाय, पण त्याचा वेगळा धागा काढते.