पाऊस पूर्वीइतकाच, मग दरडींचा धोका का वाढावा?

आजोळ_महाड: २००५ साली जुई आणि दासगाव, २२ जुलै २०२१ रोजी तळिये, महाड तालुक्याला दरडी नव्या नाहीत. हवामान बदलामुळे त्या वाढतील असे सर्रास म्हटले जाते, परंतु कोकणात धो धो पाऊस तर पूर्वापार पडतो. मग नेमके बदलते काय?

मुरूम_माती: हंगामाची बेरीज नव्हे, तर तो पाऊस किती तासांत कोसळतो हे बदलते. हवेचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले की तिची बाष्प सामावण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे सर आली की ती अधिक जोरकस असते. तळियेची दरड कोसळली त्याच सुमारास महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. जुलैच्या उत्तरार्धात डोंगरउतारावरची माती आणि मुरूम आधीच पाणी पिऊन तट्ट झालेले असतात; खालच्या काळ्या कातळात पाणी सहज मुरत नाही, ते सांध्यावर साठते, मातीच्या कणांमधला दाब वाढवते आणि उताराला धरून ठेवणारे घर्षण कमी करते. जूनच्या पहिल्या पावसात जो उतार तग धरतो, तोच तेवढ्याच पावसात जुलैअखेर सुटतो, ते यामुळे.

घाटवाटा: विवेचन पटले, मात्र सारे खापर हवामानावर फोडणे सोयीचे आहे, विशेषतः डोंगर पोखरणाऱ्यांना. माळीणच्या २०१४ च्या दुर्घटनेनंतर पडकईसाठी, म्हणजे उतार सपाट करून शेतीची खाचरे काढण्यासाठी, डोंगरावर यंत्रे चालवल्याची बरीच चर्चा झाली होती.

मुरूम_माती: मान्य, पण २०२३ मध्ये दरडीखाली गाडल्या गेलेल्या रायगडमधल्या इर्शाळवाडीला तर गाडीरस्ताही नव्हता आणि दरडप्रवण गावांच्या यादीत तिचे नावही नव्हते. उलट वायनाडच्या २०२४ च्या दुर्घटनेनंतर शास्त्रज्ञांच्या एका गटाने, तापमानवाढीमुळे त्या दिवशीच्या पावसाची तीव्रता सुमारे १० टक्क्यांनी वाढली असावी, असा अंदाज मांडला. काठावर उभ्या असलेल्या उताराला तेवढी भरही पुरते.

आजोळ_महाड: म्हणजे जुन्या यादीत नाव नाही म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. गावाने लक्ष कशावर ठेवावे?

घाटवाटा: वाडीच्या वरच्या अंगाला पडलेल्या नव्या भेगा, अचानक गढूळ झालेला किंवा आटलेला झरा, कललेली झाडे आणि विजेचे खांब, घट्ट बसू लागलेली दारे. शिवाय तालुक्याच्या पर्जन्यमापकावर विसंबू नये. डोंगरमाथ्यावर त्याहून कितीतरी अधिक पाऊस झालेला असू शकतो. गेल्या तीन-चार दिवसांची संततधार आणि त्यावर रात्रीचा मुसळधार पावसाचा इशारा असे दोन्ही जुळून आले, तर अंधार पडण्याआधीच घर सोडावे.